एकवीस, बावीस, तेवीस

मी अकरा वर्षं कन्नड सिनेमात नायिका होते आणि त्या अकरा वर्षांत पडद्यावर माझा स्वतःचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी गूढ बोलतेय. गूढ काही नाही. मला कन्नड येत नव्हतं. मी ओठ हलवायचे आणि नंतर बंगळूरच्या एका स्टुडिओत बसून दुसरीच बाई माझ्या वाटचं बोलायची.

मी जालन्याची. मूळ गाव परतूरजवळचं, पण वडील बियाण्याच्या कंपनीत लागले तसे आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला राहायला आलो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. जालन्याच्या कंपन्या बी जगभर विकतात, पण सगळं बी काही जालन्यात तयार होत नाही. कपाशीचं संकरित बी करायला त्या कर्नाटकात, राणेबेन्नूरकडे, शेतकऱ्यांचे प्लॉट घेतात. अण्णा दर हंगामाला चार-चार महिने तिकडेच असायचे. तिथल्या बायका संध्याकाळी कपाशीच्या कळ्या अंगठ्याच्या नखानं सोलायच्या, आतला पराग काढून टाकायच्या आणि सकाळी त्याच कळ्यांवर दुसऱ्या जातीची फुलं घासायच्या. हे काम नीट होतंय का, ते ओळीओळीनं फिरून बघणं ही अण्णांची नोकरी. कन्नड ते तिथंच शिकले, त्या बायकांकडून.

सिनेमात मी गेले ती बियाण्याच्या पाकिटामुळे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कंपनीला नव्या वाणाच्या पाकिटावर छापायला फोटो हवा होता. ठरलेली मुलगी आयत्या वेळी आलीच नाही, फोटोग्राफर बांधावर ताटकळलेला, म्हणून अण्णांनी मला मोटरसायकलवर बसवून शेतात नेलं. डोक्यावर पदर, ओंजळीत कापूस आणि चेहऱ्यावर आनंद असा, की जणू कापूस मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. ते पाकीट कर्नाटकातल्या दुकानांत टांगलं गेलं. तिथं एका सिनेमावाल्या माणसानं ते पाहिलं, पाकिटावरचा नंबर फिरवला आणि बियाण्याबद्दल एक अक्षर न विचारता, ही पोरगी कोण म्हणून विचारलं. नातेवाइकांनी पुढे कितीतरी वर्षं माझं नावच पाकीटवाली असं ठेवलं होतं.

अण्णांनी मला अडवलं नाही. जायचं तर जा, एवढंच म्हणाले. आई मात्र आठ दिवस धपाटे करत बसली, तिकडे मला कुणी जेवायला घालणार नाही अशी तिची खात्री होती.

तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की भाषा येत नाही ही काही अडचणच नाही. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलींसाठी एक सोपी रीत होती. समोरचा नट कन्नडमध्ये बोलायचा आणि आम्ही आकडे म्हणायचे. ओठ हलले पाहिजेत आणि चेहऱ्यावर भाव पाहिजेत, बाकीचं नंतर स्टुडिओत. कुणी इंग्रजीत वन टू थ्री म्हणायचं, कुणी हिंदीत. मी मराठीत म्हणायचे, आणि त्यात मी बऱ्यापैकी तरबेज झाले. प्रेमाला अकरा, बारा, तेरा. भांडणाला सत्तावन्न, अठ्ठावन्न, त्यात दातओठ खायला मिळतात. रडायला एकवीस, बावीस, तेवीस. सुरुवातीला मला हसू यायचं, नंतर सवय झाली, आणि सवय झाली की लाज जाते.

सिनेमे चालले. माझा आवाज लोकांना फार आवडायचा, म्हणजे त्या दुसऱ्या बाईचा. तो होताच तसा, पातळ, गोड, रडतानाही नीटनेटका. माझा खरा आवाज जाड आहे, थोडा घोगरा, आमच्याकडच्या बायकांचा असतो तसा. एकदा एका सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला गेले होते. एका आजीबाईंनी माझा हात धरला आणि गाजलेल्या सिनेमातलं एक वाक्य म्हणून दाखव म्हणाल्या. मला ते वाक्य माहीत नव्हतं. माझ्या दृष्टीनं ते एकोणचाळीस ते सत्तेचाळीस होतं. मी कशीबशी नमस्कार करून दोन शब्द पुटपुटले, तर त्या काळजीनं म्हणाल्या की बाळ, घसा बसलाय, गरम पाणी पी. सगळे हसले, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र मला स्वतःचा भयंकर राग आला आणि तो मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, बिचाऱ्या ड्रायव्हरवर काढला.

या सगळ्या वर्षांत अण्णांनी माझ्या सिनेमाबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. फोनवर पाऊस विचारायचे, जेवण विचारायचे, घरात पाणी व्यवस्थित येतं का विचारायचे. ज्या घरात कन्नड येणारा एकच माणूस होता, त्या माणसानंच माझा एकही सिनेमा पाहिला नाही. आई टीव्हीवर लावायची तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे. मी धरून चालले की त्यांना माझं सिनेमात जाणं आवडलेलं नाही. मग मीही विचारलं नाही. हट्टात मी त्यांचीच मुलगी आहे.

तिशीच्या पुढे नायिकेला फोन कमी येतात. मला तर सहा महिने एकही आला नव्हता. आणि मग आला तो एका तरुण दिग्दर्शकाचा. त्याचा सिनेमा कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बाईचा होता. चेहरा त्याला माझाच हवा होता. पण तो म्हणाला, या सिनेमात आवाज जागेवरच घेणार, नंतर काही भरणार नाही. बाई राणेबेन्नूरकडची आहे, तिथलीच बोली पाहिजे. त्यानं एका प्रसंगाचं पान पाठवलं आणि दहा दिवसांत ते स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवा म्हणाला. जमलं तर भूमिका माझी, नाही तर त्यानं दुसरी नटी बघून ठेवलेली होती, आणि हेही त्यानं सरळ सांगितलं.

अकरा वर्षांत मला चहा मागण्यापुरतं आणि ड्रायव्हरला रागावण्यापुरतं कन्नड आलं होतं, तेही बंगळूरचं. शिकवायला मास्तर मिळाला असता. पण कपाशीच्या ओळीत वाकलेल्या बायका कशा बोलतात, हे माहीत असलेला माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि तो जालन्यात गॅलरीत बसलेला होता. ही भूमिका गेली तर पुढची येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी हट्ट गुंडाळून ठेवला आणि घरी आले.

भाद्रपद होता, अण्णा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मी चहा घेऊन गॅलरीत गेले आणि सगळं सांगितलं. खाली रिक्षावाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. अण्णांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग उजळणी बंद केली का?"

मला काही कळेना. उजळणी कसली, म्हणून मी विचारलं.

"मी आल्तो एकदा तुझ्या शूटिंगला," अण्णा म्हणाले. "तुझा दुसरा सिनेमा. आमच्या प्लॉटपासून जवळच चाललंतं. तुझ्या मायनं धपाटे दिल्ते, ते घेऊन गेल्तो."

गर्दीत मागे उभं राहून त्यांनी बघितलं, ते असं. माझा सिनेमातला बाप मेला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मी ऊर फुटेस्तोवर रडत होते, आणि रडत रडत म्हणत होते, एकवीस, बावीस, तेवीस. सभोवती गावच्या बायका, त्यात अण्णांच्या प्लॉटवरच्याही, पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्यांना वाटलं असणार, ही तिच्या मुलखाच्या भाषेत शोक करतेय. तिथं मराठी समजणारे एकटे अण्णाच होते.

"बाप मरून पडला अन् पोरगी उजळणी म्हणून राह्यली," ते म्हणाले. "मी तसाच माघारी गेलो."

मी शरमेनं लाल झाले. मग लगेच राग आला, कारण शरम वाटली की मला राग येतोच. मी म्हटलं, एवढं वाईट वाटलं तर तेव्हाच बोलायचं होतं, इतकी वर्षं गॅलरीत कशाला जाऊन बसलात.

"तू रडून राह्यल्तीस. मधी कसं बोलावं?" त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग हळूच बोलले. "त्या बायांनी मला बोली दिली. मी रोज चुकायचो, त्या हसायच्या अन् पुन्हा सांगायच्या. अन् माझी पोरगी त्यांच्यासमोर आकडे म्हणून राह्यली. लाज वाटली मला. तुझी न्हाई, माझी. मला बोली येत होती, अन् मी तुला चार शब्दसुद्धा देऊन पाठवलं न्हाई."

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं राग समजत होते, तो राग नव्हताच. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच खाली फरशीवर बसले. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती.

"मंग धपाट्याचं काय केलं?"

"प्लॉटवरच्या बायांनी खाल्ले," अण्णा म्हणाले. "चांगले झालते, म्हणल्या."

आईनं त्यांना इतक्या वर्षांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि आमची शिकवणी सुरू झाली.

अण्णा मास्तर म्हणून भयंकर होते. अर्थ सांगायचे, मग वाक्य म्हणायचे, मग मी म्हटलं की मान हलवायचे. नाहीची मान. चार दिवस नुसती तीच मान. शिवाय त्यांचं कन्नड बायकांकडून आलेलं, त्यामुळे माझा साठी ओलांडलेला बाप कमरेवर हात ठेवून, मान वेळावून एखाद्या मजूर बाईसारखा बोलायचा आणि आई पदरात तोंड घालून हसायची. मलाही हसू यायचं, पण मी दाबायचे, कारण वेळ थोडा होता.

प्रसंग असा होता. कंपनीचा माणूस येऊन बाईला सांगतो की तुझ्या प्लॉटचं बी तपासणीत नापास झालं, ते आम्ही घेणार नाही. त्यावर बाई त्याला बोलते. पान भरून बोलते. मी ते दणकून म्हणायचे, शेवटी हुंदका द्यायचे. पाचव्या दिवशी अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"अशी न्हाई म्हणायची ती," ते म्हणाले.

कोण ती, म्हणून विचारलं तर त्यांनी सांगितलं. एका हंगामात त्यांनी स्वतःच एका बाईला गाठून हेच सांगितलं होतं. नियमाप्रमाणे बरोबर होतं, बी खरंच नापास होतं. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. शेजारच्या प्लॉटवर मजुरीनं कळ्या सोलत होती, ती सोलतच राहिली. ओळीत पुढे पुढे सरकत, अण्णांकडे न बघता, हळू आवाजात बोलत होती आणि अण्णा तिच्यामागून ओळीभर चालत होते. हात थांबला असता तर तिचा खाडा धरला असता, म्हणून तिनं हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोटरसायकल काढून गावाकडे गेले आणि पिशवीभर कपाशीच्या कळ्या घेऊन आले. माझ्यापुढे ताट ठेवलं, त्यात त्या ओतल्या. सोल, म्हणाले, आणि सोलताना बोल. माझी नखं सिनेमातली, रंगवलेली. अंगठ्याचं एक नख पहिल्या दहा कळ्यांतच मोडलं. पण कळी न चिरडता सोलायची तर सगळं लक्ष तिथं लागतं, आणि मग आवाजात नाटक करायला लक्ष उरत नाही. माझा आवाज आपोआप खाली आला, जाड झाला, घोगरा झाला. अण्णांची मान पहिल्यांदाच हलायची थांबली.

आता प्रश्न ध्वनिमुद्रणाचा. घरी मी फोनवर तीनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी आली, दुसऱ्या वेळी भंगारवाला आला आणि तिसऱ्या वेळी शेजारच्यांनी येऊन विचारलं की घरात कुणाला काही झालंय का. मग अण्णांना सुचलं. त्यांच्या ओळखीच्या एका मारवाडी शेठजींचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूला, बियाण्याचं गोदाम होतं. शेठजींनी किल्ली दिली आणि वर विचारलं की सिनेमात आमच्या वाणाचं पाकीट दाखवता येईल का.

भर दुपारी आम्ही आत गेलो. छतापर्यंत बियाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या आणि मधून माणूस जाईल एवढी वाट. दार लावलं तर बाहेरचे ट्रक, हमाल, हॉर्न, सगळं नाहीसं झालं. पोती आवाज पिऊन टाकतात, बंगळूरच्या स्टुडिओतही मी इतकी शांतता ऐकली नव्हती. मी एका पोत्यावर बसले, ताट मांडीवर घेतलं. अण्णा समोर उभे राहिले, कंपनीचा माणूस म्हणून, हात मागे बांधून. ती त्यांची जुनी सवय.

मी सोलत गेले, बोलत गेले. पान संपलं. शेवटच्या वाक्यानंतर मी अजून एक कळी सोलली, कारण तिनं सोलली असती. आणि फोन बंद करायला हात पुढे करणार, तोच अण्णा बोलले. पानावर कंपनीच्या माणसाला तिथं एकही वाक्य नव्हतं. अण्णा अगदी हळू म्हणाले, "हौदवा." म्हणजे, होय बाई. तुझं खरं आहे.

त्यांचे डोळे भरले होते. ते माझ्याकडे बघत होते, पण मला नाही वाटत की मी त्यांना दिसत होते. मी पुन्हा एकदा घेऊया असं म्हटलं नाही. तेच पाठवलं, अण्णांच्या शब्दासकट.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मी उगाच कपाट आवरलं, आईशी दोनदा भांडले. अण्णा दर तासाला येऊन फोन चार्ज आहे का विचारायचे, कुणाचा आला का हे मात्र विचारायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला. त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही. शूटिंग कधीपासून आहे तेच सांगायला लागला. मला मधेच थांबवून विचारावं लागलं, म्हणजे भूमिका माझी का. तो म्हणाला, मग काय, आणि तो शेवटी बोलणारा माणूस कोण आहे, तो काम करेल का.

मी अण्णांना विचारलं. बिलकुल न्हाई, म्हणाले, तिचं बोलणं एकदा ऐकलं तेवढं बस झालं.

मला एकाच गोष्टीची धास्ती उरली होती. इतकी वर्षं माझ्यासाठी बोलणाऱ्या त्या बाईंना काय वाटेल. त्यांच्या जिवावर मी उभी राहिले होते आणि आता त्यांना न विचारता बोलायला लागले होते. मी भीत भीत फोन केला. त्या मनापासून हसल्या. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. म्हणाल्या, बरं झालं बाई, सुटले मी. तुझ्या त्या अठ्ठ्याहत्तरच्या ओठांवर कन्नड शब्द बसवताना माझा जबडा दुखायचा. मग म्हणाल्या, पडद्यावर तुला बघताना मला नेहमी वाटायचं, हिचा आवाज कसा असेल. फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले, आकड्यांशिवाय.

सिनेमा जालन्याच्या थेटरात येणं शक्यच नव्हतं. काही महिन्यांनी तो घरच्या टीव्हीवर बघता येऊ लागला तेव्हा मी मुद्दाम घरी आले. मराठी अक्षरं खाली येत नव्हती, त्यामुळे अण्णा सोफ्यावर मधोमध बसले आणि आईला एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. समोरचा काय म्हणाला, सासू काय म्हणाली, सगळं. आई मध्ये मध्ये शंका काढत होती. मी मात्र सोफ्याच्या कडेला टेकले होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी, आणि टीव्हीकडे न बघता अण्णांच्या मानेकडे बघत होते.

तो प्रसंग आला. कपाशीची लांब ओळ, वाकलेली मी, हातात कळी. कंपनीचा माणूस बोलून झाला आणि मी बोलायला लागले. माझा तो जाड, घोगरा आवाज आमच्या बैठकीच्या खोलीत भरला. अण्णा सांगायचे थांबले.

"काय म्हणून राह्यली हो ती?" आईनं विचारलं.

अण्णांनी टीव्हीवरून नजर काढली नाही.

"बोलून राह्यली," ते म्हणाले.

आई वैतागली, ते दिसतंय मला, पण काय बोलतेय ते सांगा की, म्हणाली. अण्णांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून, आणि शेवटची कळी सोलून होईपर्यंत तो खाली घेतला नाही. तेव्हा कुठे मी सोफ्याला पाठ टेकली.